हृदयाच्या ठोक्यांची गोळी चालू असताना पोटासाठी अँटिबायोटिक घ्यायची वेळ आली तर

आमच्या फ्रिजवर औषधांचे दोन डबे असतात. निळा डबा बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. त्यांचे ठोके अधूनमधून बेताल होतात, म्हणून त्यात अमिओडॅरोन आणि रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅपिक्साबॅन. स्टीलचा डबा आईचा. तिला लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला आणि हृदयाची झडप आकसली, त्यामुळे तिच्या डब्यात ठोक्यांचा वेग आवरणारं डिगॉक्सिन आणि रक्त पातळ ठेवणारी एसिट्रॉम. गेल्या तीन वर्षांत दोघांचंही पोट बिघडलं, दोघांनाही अँटिबायोटिक द्यावं लागलं. आईच्या वेळी मी चुकले. बाबांच्या वेळी मेडिकलमधल्या एका मुलामुळे वाचले.

मी डॉक्टर नाही, विमा कंपनीत हिशेब बघते. त्यामुळे खाली लिहिलंय ते काय विचारायचं आणि कधी विचारायचं, एवढंच. हे वाचून कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, सुरू करू नका, अर्धीही करू नका. हृदयाची गोळी तर अजिबात नाही.

१. आधी डब्यात काय आहे ते नावानिशी ओळखा

"हृदयाची एक गोळी चालू आहे" हे उत्तर कुठल्याच डॉक्टरांच्या उपयोगाचं नाही. गोळ्यांच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं आणि त्याखाली बारीक अक्षरात खरं औषध. ते बारीक नाव हवं. चष्मा लावा किंवा मोबाईलवर फोटो काढून मोठा करा.

ठोक्यांसाठी जी औषधं दिली जातात त्यांचे, पोटाच्या अँटिबायोटिकपुरते, मी चार गट करते:

अमिओडॅरोन, सोटॅलॉल, ड्रोनेडॅरोन, फ्लेकेनाइड. ही ठोक्यांचा ताल सांभाळणारी. सगळ्यात जास्त काळजी इथे.

डिगॉक्सिन. जुनं, स्वस्त औषध. गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात अंतर फार थोडं. आपल्याकडे बरेच डॉक्टर आठवड्यात पाचच दिवस घ्यायला सांगतात, शनिवार-रविवार सुट्टी.

व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम; तसंच मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल. ठोक्यांचा वेग कमी करणारी. यातली पहिली दोन पोटाच्या काही अँटिबायोटिकशी भांडतात, नंतरची दोन त्या मानाने शांत.

रक्त पातळ ठेवणारी: एसिट्रॉम (हे कंपनीचं नाव, बारीक अक्षरात अ‍ॅसेनोकूमारॉल), वॉरफरिन, डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन. ही ठोक्यांची औषधं नव्हेत, पण ठोके बेताल असणाऱ्या बहुतेकांच्या डब्यात असतात. आमच्या घरातला अपघात झाला तो यांच्यामुळेच.

सोबत एक प्लास्टिकची फाइल तयार ठेवा. तिच्यात हे असावं:

– चालू असलेल्या प्रत्येक गोळीच्या रिकाम्या पट्टीचा नाव असलेला तुकडा
– शेवटचा ईसीजी, आणि जमलं तर त्याआधीचा एक
– टू-डी इकोचा रिपोर्ट आणि हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड
– पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि यकृताच्या तपासणीचे ताजे रिपोर्ट
– एसिट्रॉम किंवा वॉरफरिन असेल तर आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीची, वही
– कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, विशेषतः पेनिसिलिनची

शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. ठोक्यांच्या दृष्टीने निर्धोक असलेलं अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच घरातलं आहे. "लहानपणी सुईने अंगावर पित्त उठलं होतं" एवढीच माहिती असेल तर तीच सांगा, पण सांगा.

२. भांडण नेमकं कुठे होतं ते समजून घ्या

हे समजलं नाही तर पुढचं सगळं पाठांतर होतं, आणि पाठांतर ऐन वेळी विसरतं.

पहिली जागा हृदयातली वीज. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचे स्नायू पुन्हा चार्ज होतात. त्यासाठी पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडावं लागतं आणि त्याला ठरावीक दारं आहेत. अमिओडॅरोन आणि सोटॅलॉल ती दारं मुद्दाम अर्धवट लोटून घेतात, त्यांचं कामच ते. पण पोटासाठी दिली जाणारी काही अँटिबायोटिकही तीच दारं लोटतात. दोघांनी मिळून लोटली की चार्ज व्हायला फार वेळ लागतो आणि मधेच भलता ठोका पडला तर हृदय थरथरायला लागतं. ईसीजीवर त्या लाटा एका रेषेभोवती पीळ घेतल्यासारख्या दिसतात. देसेर्तेन या फ्रेंच डॉक्टरांनी १९६६ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि 'टोर्साद द प्वांत', म्हणजे टोकांचा पीळ, हे फ्रेंच नावच जगभर राहिलं. माणूस चक्कर येऊन कोसळतो. कधी आपोआप सावरतो, कधी नाही.

हा चार्जिंगचा वेळ ईसीजीवर मोजता येतो. त्याला क्यूटी म्हणतात, आणि ठोक्यांच्या वेगाप्रमाणे दुरुस्त केलेल्या आकड्याला क्यूटीसी. पुरुषांत साधारण ४५० आणि बायकांत ४६० मिलिसेकंदांच्या वर गेला तर लांबलेला. ५०० च्या वर गेला तर डॉक्टर हातातलं काम सोडून बघतात. ईसीजीच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात हा आकडा छापलेला असतो. मात्र मशीनच्या आकड्यावर आंधळा विश्वास नको. ठोके बेताल असतील तर प्रत्येक ठोक्याचा क्यूटी वेगळा येतो आणि डॉक्टरांना बरेच ठोके मोजून सरासरी काढावी लागते. पेसमेकर असेल तरी आकडा फसवा येतो.

दुसरी जागा यकृत. लग्नाच्या पंगतीत ताटं घासणारे दोघे मधेच निघून गेले तर काय होतं? जेवणारे तेवढेच, ताटं तेवढीच, पण ढीग वाढत जातो. यकृतातलं सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम असंच ताटं घासायच्या कामावर असतं आणि क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक त्याला रजेवर पाठवतं. मग डिल्टियाझेम, व्हेरापामिल, ड्रोनेडॅरोन, कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन यांचा रक्तात ढीग साठतो. गोळी रोजचीच, मात्रा मात्र आत दुप्पट-तिप्पट घेतल्यासारखी. एसिट्रॉम आणि वॉरफरिनची ताटं दुसरंच एन्झाइम घासतं. त्याला रजेवर पाठवतं मेट्रोनिडॅझोल, हेही पोटासाठी दिलं जाणारं अँटिबायोटिक.

तिसरी जागा मूत्रपिंडाची आणि आतड्याची. डिगॉक्सिन शरीराबाहेर काढणारा एक पंप आहे, क्लॅरिथ्रोमायसिन त्यालाही थोपवतं. याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे, कारण डिगॉक्सिनची गोष्ट सगळ्यांत फसवी.

आणि चौथी, जिच्याकडे कुणी बघत नाही: जुलाब. जुलाब-उलट्यांमधून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वाहून जातं. पाणी कमी पडलं की मूत्रपिंडं मंदावतात, मग डिगॉक्सिन आणि सोटॅलॉल बाहेर पडत नाहीत. म्हणजे अँटिबायोटिकची पहिली गोळी तोंडात जाण्याआधीच निम्मं भांडण सुरू झालेलं असतं. मी तर आता जुलाबालाच यादीतलं एक औषध धरते.

३. घाई आहे की नाही ते ठरवा

पोटाचं इन्फेक्शन म्हणजे एकच गोष्ट नव्हे. दोन टोकं आहेत.

एक टोक एच. पायलोरीचं. हा जंतू जठरात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असतो, अल्सर करतो. ऑस्ट्रेलियातले बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन दाखवला, आणि पुढे २००५ मध्ये त्यांना रॉबिन वॉरन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. जो जंतू वीस वर्षं पोटात बसला आहे तो आणखी आठ दिवस बसला तर सहसा काही बिघडत नाही. अल्सरमधून रक्त जात नसेल तर हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून, ईसीजी काढून, मगच कोर्स सुरू करायला भरपूर वेळ असतो. आम्हाला कुणी हे सांगितलंच नव्हतं. चिठ्ठी हातात पडली म्हणजे आजच रात्रीपासून सुरू, असंच वाटत होतं.

दुसरं टोक अचानक लागलेल्या जुलाबांचं. इथे घाई असते, पण ती पाणी आणि क्षार भरून काढण्याची. बहुतेक जुलाब अँटिबायोटिकशिवाय बरे होतात, कितीतरी तर विषाणूंमुळेच होतात आणि त्यांच्यावर अँटिबायोटिक चालतही नाही. शौचातून रक्त, मोठा ताप, पटकीचा संशय, फार थकलेला रुग्ण, अशा वेळी डॉक्टर ते देतात आणि द्यायलाच हवं. तेव्हा पहिला प्रश्न "कुठलं अँटिबायोटिक?" हा नसून "अँटिबायोटिक लागणार आहे का?" हा असू द्या. माझ्या आईला बहुधा लागणार नव्हतं.

४. कुठलं अँटिबायोटिक कुठे नडतं

क्लॅरिथ्रोमायसिन. एच. पायलोरीच्या तयार किटमध्ये हे हमखास असतं. ते हृदयातली दारंही लोटतं आणि यकृतातलं एन्झाइमही बंद पाडतं, म्हणजे दोन्हीकडून मार. ड्रोनेडॅरोनबरोबर ते चालतच नाही. अमिओडॅरोन-सोटॅलॉलबरोबर शक्यतो टाळतात. व्हेरापामिल-डिल्टियाझेमबरोबर रक्तदाब आणि ठोके धोकादायक खाली येऊ शकतात. डिगॉक्सिन वाढवतं, डॅबिगॅट्रान वाढवतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये हृदयरोग असलेल्यांना हे देण्यापूर्वी विचार करा असा इशाराच काढला.

अ‍ॅझिथ्रोमायसिन. टायफॉइड आणि काही जुलाबांसाठी देतात. यकृताला ते फारसं अडवत नाही, त्यामुळे लोक त्याला निर्धोक समजतात. पण हृदयातली दारं तेही लोटतं, आणि त्याबद्दलचा इशारा २०१३ चा आहे. "तीनच गोळ्या तर आहेत" हा युक्तिवाद इथे कामाचा नाही, कारण हे औषध शरीरात बरेच दिवस रेंगाळतं.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन. आपल्याकडे जुलाब म्हटलं की ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोल किंवा नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडॅझोलची जोडगोळी, अगदी न विचारता काउंटरवर येते. या सगळ्या कुटुंबाचा क्यूटीवर कमी-अधिक परिणाम होतो आणि आयएनआरही वाढू शकतो. मधुमेह्यांची साखर वरखाली होते ती वेगळीच.

मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोल, ऑर्निडॅझोल. अमीबासाठी, एच. पायलोरीच्या कोर्समध्येही. ठोक्यांवर यांचा परिणाम आधीच्या औषधांपेक्षा कमी, पण मेट्रोनिडॅझोल एसिट्रॉम-वॉरफरिनचा आयएनआर झपाट्याने वर नेतं. मी चुकले ती इथे. मे महिन्यात एका लग्नाहून आल्यावर आईला जुलाब लागले. मी जवळच्या दुकानातून मेट्रोनिडॅझोल असलेल्या गोळ्या आणल्या, चिठ्ठीशिवाय. जुलाब दुसऱ्या दिवशी थांबले, मी कोर्स पूर्ण करायला लावला आणि स्वतःवर खूशही झाले. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "अगं, दात घासताना रक्त येतंय, आणि हा दंड बघ." दंडावर वांग्याच्या रंगाचा डाग. तिचा आयएनआर २ ते ३ मध्ये असायला हवा, तो निघाला ६.८. दोन रात्री हॉस्पिटलमध्ये काढल्या.

कोट्रायमॉक्सॅझोल. जुन्या पिढीला हे अजून 'जुलाबाची पांढरी गोळी' म्हणून पाठ आहे. हेही आयएनआर वाढवतं. शिवाय हृदयासाठी-रक्तदाबासाठी दिलेली स्पायरोनोलॅक्टोन किंवा रामिप्रिल चालू असेल तर पोटॅशियम धोकादायक वर नेऊ शकतं.

मग उरलं काय? अमॉक्सिसिलिन ठोक्यांच्या बाबतीत शांत आहे. सेफिक्झिमही, फक्त आयएनआरवर लक्ष ठेवावं लागतं. रिफाक्सिमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं उतरतं, त्यामुळे काही जुलाबांत त्याचा विचार होतो. पण रक्ताचे जुलाब आणि मोठा ताप असेल तर ते पुरत नाही. एच. पायलोरीसाठी क्लॅरिथ्रोमायसिन नसलेला चार औषधांचा कोर्स आहे: बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल आणि आम्ल कमी करणारी एक गोळी. यातलं काय निवडायचं ते डॉक्टरच ठरवतील. पर्याय असतात, हे आपल्याला माहीत असलं म्हणजे विचारताना जीभ अडखळत नाही.

५. सोबतच्या "साध्या" गोळ्या तपासा

सगळं लक्ष अँटिबायोटिकवर असतं आणि खरी खोडी शेजारच्या गोळीने केलेली असते. उलटीसाठीचं ऑन्डॅनसेट्रॉन क्यूटी लांबवतं. शिरेतून एकदम ३२ मिलिग्रॅम द्यायची पद्धत अमेरिकेत २०१२ मध्ये याच कारणाने बंद झाली. अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलच्या नावापुढे 'डी' असेल तर तो बहुतेक वेळा मळमळ थांबवणाऱ्या डोमपेरिडोनचा 'डी' असतो. युरोपात २०१४ पासून डोमपेरिडोन दिवसाला ३० मिलिग्रॅमपर्यंत आणि थोडेच दिवस, असं बांधून दिलं आहे. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या औषधांबरोबर तर देऊच नये असं म्हटलं आहे. आपल्याकडे तीच कॅप्सूल लोक वर्षभर चहाआधी घेतात.

बाबांच्या एच. पायलोरीच्या चिठ्ठीत अमिओडॅरोनच्या जोडीला क्लॅरिथ्रोमायसिन आणि डोमपेरिडोन अशी दोन्ही आली होती. दोन वेगळ्या ओळींवर, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांत भरलं नाही.

हे नवं दुखणं नव्हे. पोट हलतं ठेवणारी सिसाप्राइड नावाची गोळी एके काळी सर्रास मिळायची. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या औषधांबरोबर तिने माणसं दगावली आणि २००० मध्ये अमेरिकेत ती बाजारातून गेली. पोटाची गोळी, आणि गेली ती हृदयापायी.

आम्ल कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर मॅग्नेशियम खाली येऊ शकतं. दोन आठवड्यांच्या कोर्सात ही भीती नाही, पण ज्यांची ही गोळी पाच वर्षांपासून चालू आहे त्यांनी मॅग्नेशियम मोजून घ्यावं.

६. डिगॉक्सिन असेल तर इथे थांबून वाचा

डिगॉक्सिन जास्त झालं की काय होतं? मळमळ, उलट्या, अन्नावरची वासना जाणं, कधी जुलाब. म्हणजे हुबेहूब पोट बिघडल्यासारखंच. माणूस म्हणतो, इन्फेक्शन अजून गेलं नाही. मग आणखी एक अँटिबायोटिक येतं, ते कदाचित डिगॉक्सिन आणखी वाढवतं, आणि उलट्यांनी पोटॅशियम आणखी खाली जातं. पोटॅशियम कमी असताना तर डिगॉक्सिन नेहमीच्या पातळीलाही चावतं. हे चक्र बाहेरून ओळखू येत नाही.

आईच्या बाबतीत जुलाब थांबल्यावरही आठवडाभर तिला जेवण जात नव्हतं. मी मुगाची खिचडी, ताक, लिंबाचं लोणचं सगळं करून पाहिलं. ती म्हणे, "दिव्याभोवती पिवळं पिवळं दिसतंय." मोतीबिंदू असेल म्हणून मी सोडून दिलं. दिव्याभोवती पिवळं-हिरवं वलय दिसणं ही डिगॉक्सिन वाढल्याची पुस्तकातली खूण आहे, हे मला आयएनआरसाठी भरती केलं तेव्हा कळलं. क्रिएटिनिन वाढलं होतं, डिगॉक्सिनची पातळीही. डॉक्टरांनी गोळी काही दिवस थांबवली आणि चौथ्या दिवशी बाईसाहेबांनी थालीपीठ मागितलं.

आणखी एक गंमत. साधारण दहातल्या एका माणसाच्या आतड्यात असा जंतू असतो जो डिगॉक्सिनचा काही भाग निकामी करत असतो. म्हणजे त्या माणसाची मात्रा त्या जंतूचा वाटा गृहीत धरून बसलेली असते. एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिनने तो जंतू मेला की तीच गोळी अचानक जास्त होते. हे १९८१ पासून ठाऊक आहे. आपण त्या दहातले आहोत की नाही हे आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे कोर्सदरम्यान आणि नंतर पातळी मोजायची का, हे विचारून ठेवा.

७. दोन डॉक्टरांना एकमेकांपर्यंत पोहोचवा

पोटाचे डॉक्टर पोट बघतात, हृदयाचे डॉक्टर हृदय. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि दोन्ही चिठ्ठ्या एकत्र बघणारं माणूस घरातलंच असतं. म्हणून चिठ्ठी हातात घेतानाच, खुर्चीवरून उठायच्या आधी, हे तीन प्रश्न विचारा:

"डॉक्टर, यांना अमिओडॅरोन चालू आहे, यातलं काही क्यूटी लांबवतं का?" ("हृदयाची गोळी" म्हणू नका, नाव घ्या.)
"एसिट्रॉम चालू आहे, आयएनआर कितव्या दिवशी करू?"
"हा कोर्स आजच सुरू करायला हवा, की हृदयाच्या डॉक्टरांना विचारून दोन दिवसांनी चालेल?"

तिसऱ्या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही. मला येईल असं वाटायचं. बाबांच्या पोटाच्या डॉक्टरांनी तर स्वतःच फोन लावला.

मेडिकल नेहमी एकच ठेवा, जिथे सगळ्या चिठ्ठ्या जातात असं. आमच्या दुकानातल्या मुलाने क्लॅरिथ्रोमायसिनचं किट काढता काढता विचारलं, "काकू, हे त्याच काकांसाठी ना, ज्यांची अमिओडॅरोन तुम्ही नेता? एकदा विचारून घ्या." दुसऱ्या दुकानात गेले असते तर हा प्रश्न आलाच नसता. पट्टीवर उभी लाल रेघ असलेली औषधं चिठ्ठीशिवाय घ्यायची नसतात, हेही मी त्यानंतर शिकले. आईच्या त्या गोळ्यांवर ती रेघ होती.

घरी बसून तपासायचं असेल तर 'क्रेडिबलमेड्स' नावाची एक यादी आहे, अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातून चालते. क्यूटी लांबवणारी औषधं धोक्याप्रमाणे गटांत लावलेली असतात. नोंदणी केली की फुकट बघता येते. ती बघून डॉक्टरांना प्रश्न विचारा. ती बघून गोळी बदलू नका.

एक सापळा: "मग पंधरा दिवस अमिओडॅरोनच बंद ठेवतो." अमिओडॅरोन शरीरातल्या चरबीत मुरलेलं असतं आणि बाहेर पडायला आठवडे नव्हे, महिने घेतं. पंधरा दिवस बंद ठेवून टक्कर टळत नाही, संरक्षणाची घडी मात्र विस्कटते. अमिओडॅरोन गेल्याच महिन्यात बंद झालं असेल तरी ते "चालू आहे" असंच सांगा.

८. कोर्सच्या दिवसांत

सुरू करण्याआधी ईसीजी, पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन. ठोक्यांची तक्रार असलेल्यांत डॉक्टरांना पोटॅशियम साधारण ४ च्या वर आवडतं. क्यूटी लांबवणारं अँटिबायोटिक टाळताच आलं नाही तर कोर्स सुरू झाल्यावर पुन्हा ईसीजी कधी काढायचा ते ठरवून घ्या. एसिट्रॉमवाल्यांनी आयएनआर तिसऱ्या ते पाचव्या दिवसात.

पाण्याबद्दल. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी, छोटं २०० मिलिलिटरसाठी, पाकिटावर वाचा. मोठं पाकीट थोडंथोडं पेल्यात टाकत बसू नका, प्रमाण बिघडतं. फळांच्या चवीच्या गोड खोक्यांवर ओआरएस लिहायला अन्न नियंत्रकांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली आहे, तेव्हा घरात जुनं खोकं असेल तर ते ओआरएस समजू नका. हृदयाचा पंप कमकुवत असल्यामुळे ज्यांना दिवसाचं पाणी मोजून दिलंय त्यांनी किती प्यायचं ते फोन करून विचारा. शहाळ्याचंही तसंच. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. बहुतेकांना ते बरंच, पण स्पायरोनोलॅक्टोन किंवा रामिप्रिल घेणाऱ्या, मूत्रपिंडं अधू असलेल्या माणसाला दिवसाला चार शहाळी पाजणं म्हणजे प्रेमापोटी संकट.

बाबांना शेवटी बिस्मथवाला कोर्स दिला. मेट्रोनिडॅझोलही ठोक्यांच्या बाबतीत अगदी निर्दोष नाही, म्हणून मधे एक ईसीजी झाला, क्यूटीसी ४६० च्या आसपास राहिला. चौदा दिवस, दिवसातून चार वेळा गोळ्या. मी स्वयंपाकघरात कॅलेंडरवर खुणा करत होते. टेट्रासायक्लिन दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्यांपासून दोन-तीन तास लांब ठेवावं लागतं, म्हणून त्यांचा सकाळचा दुधाचा पेला पुढे ढकलला. यावर घरात जेवढी चर्चा झाली तेवढी क्यूटीवर झाली नाही. तिसऱ्या दिवशी शौच काळं झालं. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेल्या माणसाला काळं शौच म्हणजे छातीत धस्सच. बिस्मथने जीभ आणि शौच दोन्ही काळी होतात, आणि ते निरुपद्रवी असतं. रक्तामुळे होतं ते डांबरासारखं चिकट, घाणेरड्या वासाचं असतं. आम्ही तरीही फोन करून विचारलं. तुम्हीही विचारा.

हे दिसलं तर फोन-चर्चा करत बसू नका, १०८ लावा: डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळणं, क्षणभर जरी शुद्ध हरपली तरी, अचानक जोराची धडधड आणि सोबत चक्कर, नाडी पन्नासच्या खाली आणि माणूस ग्लानीत, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखं शौच. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसताना फाइल बरोबर घ्या आणि शिरेतून उलटीचं इंजेक्शन द्यायच्या आधीच चालू औषधांची नावं सांगा.

औषधाचा त्रास झाला तर त्याची नोंद रुग्णाला स्वतःलाही करता येते. भारताच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, कामाच्या दिवशी चालतो.

९. कोर्स संपल्यावर

इथे सगळे हुश्श करतात आणि इथेच शेवटचा सापळा आहे. अँटिबायोटिक चालू असताना आयएनआर वाढला म्हणून एसिट्रॉम कमी केलेली असते. अँटिबायोटिक बंद झालं की यकृतातले ताटं घासणारे कामावर परततात आणि आयएनआर घसरतो. कमी केलेली मात्रा तशीच राहिली तर रक्त घट्ट होऊन गुठळीची भीती. म्हणून कोर्स संपल्यावर साधारण आठवड्याने आयएनआर पुन्हा, आणि एसिट्रॉमची मात्रा पूर्ववत करायची का, ते लेखी घ्या. डिगॉक्सिन थांबवलं किंवा कमी केलं असेल तर तेही तसंच.

एच. पायलोरी गेला का याची तपासणी कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी होते, श्वासाची किंवा शौचाची. त्याआधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोलसारखी गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट स्वच्छ येतो. पण रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेल्या माणसाच्या पोटाला त्याच पॅन्टोप्राझोलचं संरक्षण असतं, त्यामुळे ती बंद ठेवायची का आणि मधल्या दिवसांत काय द्यायचं, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. बाबांची तपासणी सहाव्या आठवड्यात झाली. जंतू गेला होता. दुधाचा पेला सकाळच्या जागेवर परत आला.

आईच्या स्टीलच्या डब्याच्या झाकणावर आता पांढरी पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर तिच्याच अक्षरात: "एसिट्रॉम, डिगॉक्सिन. पोटाची गोळी देण्याआधी मुलीला फोन."